‘आमचा फेणे’ आणि ‘आपला फेणे’ : चाहत्याच्या आक्षेपाविषयी

भा. रा. भागवत (१९१०–२००१) यांच्या फास्टर फेणे या बालनायकावरील मराठी चित्रपट २७ ऑक्टोबर २०१७ रोजी प्रदर्शित झाला. दिग्दर्शन आदित्य सरपोतदार यांचे होते आणि अमेय वाघ या तरुण नटाने फेणे रंगवला होता. पुस्तकांतला फेणे शाळकरी आहे. पडद्यावरचा फेणे वैद्यकीय प्रवेशपरीक्षेच्या वयाचा. चित्रपटाचे स्वागत एकंदरीत चांगले झाले. तरीही या वयबदलाविषयीची एक कुरकुर त्याच्या आगेमागे ऐकू येत राहिली, आणि तिचा सारांश चार शब्दांत सांगता येण्याजोगा होता : हा आमचा फेणे नव्हे.

या चार शब्दांकडे मराठी समीक्षेने लक्ष दिले नाही. चाहत्याचा आक्षेप हा तिच्या लेखी आस्वादाचा प्राथमिक, किंबहुना आस्वादपूर्व प्रकार होय. लोकप्रिय साहित्याविषयी बोलताना ती फार तर खपाचे आकडे देते (बाबूराव अर्नाळकरांचा उल्लेख त्यांच्या हजारावर पुस्तकांच्या संख्येपाशी सुरू होऊन बहुधा तेथेच संपतो) आणि वाचकाला ‘रंजनाची भूक असलेला’ म्हणून निकालात काढते. चाहता काही विचार करतो, त्या विचाराला स्वतःची शिस्त असते, ही शक्यता गृहीत धरली जात नाही. वस्तुतः उपर्युक्त आक्षेपात एक साहित्यविचार दडलेला आहे. तो बऱ्याच अंशी योग्य आहे. आणि जेथे तो चुकतो तेथील चूक ‘फेणे’ या नामात नसून ‘आमचा’ या सर्वनामात आहे.

संस्कृत काव्यशास्त्राच्या कसोटीवर हे सर्वनाम अगदी आरंभीच बाद ठरते. भट्टनायकाने मांडलेली आणि अभिनवगुप्ताने वेगळ्या रीतीने स्वीकारलेली साधारणीकरणाची संकल्पना रसानुभवातून ‘माझे’, ‘शत्रूचे’, ‘तटस्थाचे’ हे सर्व संबंध वजा करते. विभाव कोणा एकाचे राहत नाहीत, म्हणूनच ते सर्वांचे होऊ शकतात. सहृदय तन्मय होतो खरा, परंतु तो मालक होत नाही. या दृष्टीने फेणेला ‘आमचा’ म्हणणारा वाचक हा सहृदयत्वाच्या उंबरठ्याबाहेरच उभा आहे.

परंतु मराठी संस्कृतीत आस्वादाची हीच एक परंपरा नाही. ज्या समाजात भक्त देवाला माउली म्हणतो, त्याच्याशी भांडतो, त्याच्यावर रुसतो, तेथे ममत्व हे अनुभवाचे वैगुण्य ठरत नाही. ते अनुभवाचे द्वारच असते. रूप गोस्वामींनी भक्तीला रसाचे स्थान दिले ते या ममत्वासह. संगीत रंगभूमीच्या काळात प्रेक्षकाला ‘मायबाप’ म्हणण्याचा प्रघात पडला, त्यातही केवळ नम्रता नव्हती. नटावर आणि भूमिकेवर प्रेक्षकाचा नात्याने येणारा अधिकार त्यात मान्य केलेला होता. रा. भा. पाटणकरांनी ‘सौंदर्यमीमांसा’ (१९७४) या ग्रंथात सौंदर्याची संकल्पना द्विध्रुवात्मक असल्याचे दाखवून दिले. अलौकिकतावाद आणि लौकिकतावाद ही तिची दोन टोके. चाहता हा दुसऱ्या टोकाच्याही पलीकडे, जवळपास कडेवर उभा असतो. मात्र तो उभा आहे त्याच अक्षावर, हे विसरून चालणार नाही. (‘भक्त’ या शब्दाला अलीकडे राजकीय टोमण्याची कळा आल्यामुळे त्याचा येथे सांगितलेला अर्थ समजून घेणे थोडे अवघड झाले आहे, हेही खरे.)

आता आक्षेपाच्या आशयाकडे वळावयास हवे. फेणे मोठा झाला, यात वाचकाला नेमके काय खुपते? वरवर पाहता हा मूळ संहितेशी इमान राखण्याचा आग्रह वाटतो. परंतु रूपांतरात इतर असंख्य गोष्टी बदलतात आणि त्या सोसल्या जातात. १९८० च्या दशकात दूरदर्शनवर आलेल्या मालिकेतही पुस्तकातले सर्व काही जसेच्या तसे उतरले नसणार. पण तेथे सुमीत राघवन या मुलाच्या रूपाने फेणे मुलगाच राहिला होता. वयाचा बदल मात्र सोसला जात नाही, याचे कारण या प्रकारच्या कथनाच्या रचनेत आहे.

उंबेर्तो एको यांनी १९६२ मध्ये सुपरमॅनच्या मिथकावर लिहिलेल्या निबंधात ही रचना उलगडून दाखविली होती. पुराणकथेतील नायकाचे आयुष्य घडून गेलेले असते. श्रोत्याला ते ठाऊक असते. कादंबरीतील नायक मात्र प्रत्येक कृतीगणिक खर्च होतो. त्याने काही केले की तो मृत्यूकडे एक पाऊल सरकतो. १९३८ मध्ये अवतरलेल्या सुपरमॅनपुढे पेच असा की त्याला पुराणपुरुषासारखे अविनाशी राहावयाचे आहे आणि कादंबरीतल्यासारखी दर खेपेस नवी कृतीही करावयाची आहे. यावर तोडगा म्हणून त्याच्या कथांमधील काळ धूसर केला जातो. प्रत्येक कथा आधीची कथा जणू घडलीच नाही अशा रीतीने सुरू होते. घटना साठत नाहीत, म्हणून नायक झिजत नाही.

भागवतांच्या वीस-एक पुस्तकांतला फेणेही असाच न झिजणारा आहे. किडकिडीत अंगकाठी, चौकड्यांचा शर्ट, सायकल आणि तोंडाने काढलेला तो ‘ट्टॉक’. काश्मीरपासून प्रतापगडापर्यंत तो कोठेही जातो, कसल्याही कटात सापडतो आणि पुन्हा शाळेच्या बाकावर येऊन बसतो. तो पुढच्या इयत्तांतून जात जात बाहेर पडत नाही. राम वाईरकरांच्या चित्रांनी हे न वाढणे डोळ्यांपुढे कायमचे करून ठेवले. म्हणजेच शाळकरी वय हा फेणेचा एक गुणधर्म नाही. ती त्याच्या कथनाची पूर्वअट आहे. ती काढून घेतली की फेणे खर्च होऊ लागतो. त्याला परीक्षा असते, भवितव्य असते, प्रेमाची शक्यता असते. ‘हा आमचा फेणे नव्हे’ म्हणणाऱ्याने एकोंचा निबंध वाचलेला नसेल, पण जे एकोंना सिद्धान्ताने कळले ते त्याला सवयीने कळलेले आहे. चाहत्याच्या या ज्ञानाला रूपविषयक ज्ञान म्हणण्यास प्रत्यवाय नसावा.

चित्रपटकर्त्यांनाही या अटीची जाणीव असावी, असे मानण्यास जागा आहे. चित्रपटात भूभू नावाचा एक रस्त्यावर वाढलेला पोरगा आहे. फेणेमधून काढून घेतलेले बालपण या मुलाच्या ठिकाणी ठेवून दिले आहे, असे वाचता येते. त्याहून लक्षणीय म्हणजे दिलीप प्रभावळकरांनी साकारलेली भा. रा. भागवत ही व्यक्तिरेखा. २००१ मध्ये निवर्तलेला निर्माता आपल्या वाढलेल्या मानसपुत्राशेजारी पडद्यावर येतो, तो केवळ आदरांजलीपोटी नव्हे. त्याच्या उपस्थितीमुळे नव्या फेणेला वारसाहक्काचा दाखला मिळतो. लेखकाच्या मृत्यूची घोषणा समीक्षेने रोलां बार्थच्या १९६७ च्या निबंधापासून कितीही वेळा केली असली, तरी व्यवहारात, वाद पेटण्याची चिन्हे दिसताच, लेखकालाच साक्षीला बोलावले जाते.

निर्मात्याची साक्ष मात्र चाहत्यावर बंधनकारक नसते, याचा जुना दाखला इंग्रजीत आहे. आर्थर कॉनन डॉइल यांनी १८९३ मध्ये शेरलॉक होम्सला मारले तेव्हा वाचकांनी ते मानले नाही. डॉइलनी आधी पळवाट काढली : १९०१–०२ मध्ये प्रसिद्ध झालेली बास्करव्हिल घराण्याच्या कुत्र्याची कथा मृत्यूपूर्वीच्या काळातली म्हणून सांगितली. अखेर १९०३ मध्ये होम्सला सरळ परत आणावे लागले. वाचकांच्या हट्टामुळे साहित्यकृतीचा काळच मागे फिरवला गेल्याचे याहून ठळक उदाहरण सापडणे कठीण. ‘काल्पनिक पात्राचा मालक कोण’ हा प्रश्न त्या दहा वर्षांत निकाली निघाला असे म्हणता येणार नाही. पण तो कायद्यापुरता नाही, हे तेव्हा स्पष्ट झाले.

काळाच्या याच पेचावर एक वेगळा तोडगा मराठी वाचकाने लहानपणीच पाहिलेला होता. ली फॉक यांचा फँटम १९३६ मध्ये अमेरिकेत अवतरला. टाइम्स ऑफ इंडियाने १९६४ मध्ये इंद्रजाल कॉमिक्स सुरू केले आणि मराठीत फँटम ‘वेताळ’ झाला. सुपरमॅन न वाढता अमर राहतो. वेताळ मरतो, आणि तरीही अमर राहतो. पित्यामागून पुत्र तोच मुखवटा चढवतो, अशा एकवीस पिढ्या. जंगलातल्या लोकांना तो एकच, न मरणारा पुरुष वाटतो. वाचकाला मात्र गुपित ठाऊक असते. या कथनात वाचकाचे स्थान म्हणूनच विशेष आहे : तो मिथकावर विश्वास ठेवणारा नाही, मिथक कसे चालवले जाते हे जाणणारा आहे. येथे काळ अडवलेला नाही. १९७७ मध्ये वेताळाचे डायनाशी लग्न लागते, १९७९ मध्ये जुळी मुले होतात, आणि बाविसावा वेताळ पाळण्यात दिसू लागतो. नायक वाढला म्हणून वेताळाच्या वाचकाने आक्रोश करण्याचे कारणच उरत नाही. वाढणे हेच या कथेचे इंधन आहे.

वेताळाकडे असे रूपलक्ष्यी नजरेने पाहताना एक गोष्ट नजरेआड करता येत नाही. जंगलातल्या अडाणी लोकांचे पिढ्यान्‌पिढ्या रक्षण करणारा गोरा पुरुष, ही वसाहतवादाची उघड कल्पना आहे. भारतीय आवृत्तीच्या संपादकांना तिचा उपद्रव जाणवला होता, निदान नावांपुरता. बंगालची आठवण करून देणारे मूळ देशनाम बदलून ‘डेंकाली’ करण्यात आले. ‘सिंग’ चाच्यांचे ‘सिंगा’ झाले. नावे बदलली, नाते तसेच राहिले. मग मराठी मुलाने या कथेत स्वतःला कोठे पाहिले? मुखवट्याच्या जागी, की त्या मुखवट्याला भिणाऱ्यांच्या जागी? ‘वेताळ’ या नावाने येथे अनपेक्षित काम केले असावे. कोकण-गोव्यापासून देशावरपर्यंत वेताळ हा गावाच्या शिवेवरचा, भुतांचा अधिपती मानलेला देव आहे. त्या नावाने येणारा मुखवटाधारी वाचकाला परका वाटण्यापूर्वीच ओळखीचा वाटला. भाषांतराने जे राजकारण केले ते संपादकांच्या दुरुस्त्यांहून खोल होते. आबिद सुरती यांच्या ‘बहादूर’ने १९७६ मध्ये याच मालेत भगवा कुडता आणि जीन्स घातलेला, चंबळच्या दरोडेखोराचा मुलगा असलेला देशी नायक आणला, तोवर वेताळ येथे रुळून गेला होता.

इंद्रजाल १९९० मध्ये बंद पडले. त्यानंतरचा इतिहास चाहत्यांनी घडविला. जुने अंक शोधणे, क्रमांक जुळवणे, स्कॅन करून एकमेकांना धाडणे, दुर्मीळ अंकांना रद्दीच्या भावावरून संग्राहकाच्या भावावर नेणे. हेन्री जेन्किन्स यांनी १९९२ मध्ये चाहत्यांना, मिशेल द सेर्तोच्या रूपकाचा आधार घेऊन, दुसऱ्याच्या रानात चोरटी शिकार करणारे म्हटले. इंद्रजालाच्या चाहत्यांना हे रूपक नीटसे लागू पडत नाही. रान मालकाने सोडून दिले होते. हे लोक त्याचे राखणदार झाले. ज्या गोष्टी ग्रंथालयांनी संग्राह्य मानल्या नाहीत त्या जतन झाल्या, त्या चाहत्यांच्या हौसेमुळे. लोकप्रिय वाङ्मयाचा इतिहास लिहू पाहणाऱ्या कोणाही अभ्यासकाला आज याच हौशी संग्रहांच्या दारी जावे लागेल.

मात्र राखणदार झाला की कुंपण येते. मराठीत प्रथमपुरुषी अनेकवचनाची दोन सर्वनामे आहेत आणि ज्याच्याशी बोलावयाचे त्याला ‘आपण’ सामावून घेते, ‘आम्ही’ वगळते. ‘आपला फेणे’ असे म्हणणारा ऐकणाऱ्यालाही फेणेचा वाटेकरी करतो. ‘आमचा फेणे’ म्हणणारा त्याला ज्या दिवसांत तो नव्हता त्या दिवसांची आठवण करून देतो. अनेक भाषांना एकाच सर्वनामात जो फरक झाकावा लागतो तो मराठी उघड करते, आणि म्हणून चाहत्याच्या आक्षेपाची सामाजिक बाजू मराठीत व्याकरणातूनच हाती लागते.

या ‘आम्हीं’मध्ये कोण आहे? प्रथम वय. फेणे वाढू नये असा आग्रह धरणारे बहुतेक स्वतः चाळिशी-पन्नाशीत आहेत. नायकाने न वाढण्याची अट लहान वाचकाला हवी असते कारण तो स्वतः त्या वयाचा असतो. प्रौढ चाहत्याला ती हवी असते कारण तो त्या वयाचा उरलेला नसतो. अट तीच, गरज उलटी. पहिल्यासाठी फेणे हा साथीदार आहे, दुसऱ्यासाठी ठेव. बालसाहित्याचे पुनर्मुद्रण, संचांची विक्री, रूपांतरे या सर्वांवर आज दुसऱ्या गरजेची पकड दिसते. भागवतांनी बिपिन बुकलवार हा पुस्तकवेडा मुलगा निर्माण केला तेव्हा वाचणारे मूल हेच साहसाचे केंद्र होऊ शकते, असा त्यांचा विश्वास होता. त्या केंद्रावर आता त्याच मुलाचा पोक्त झालेला अवतार बसला आहे, आणि आजच्या मुलाने कोणता फेणे आवडून घ्यावा हे तो सांगतो आहे.

दुसरे, गाव. फेणे पुण्याचा नाही, फुरसुंगीचा आहे. खेड्यातून शहरातल्या शाळेत आलेला हा मुलगा, हे त्याच्या चपळाईइतकेच त्याच्या व्यक्तिरेखेचे मूलद्रव्य आहे. चाहत्यांच्या स्मरणात मात्र तो पुण्याच्या पेठांत मुरून गेला. फुरसुंगीचे पुढे काय झाले? उरुळी देवाचीसह हे नाव पुण्याच्या कचऱ्याच्या डेपोसाठी वर्षानुवर्षे वर्तमानपत्रांत येत राहिले. चित्रपट आला त्याच २०१७ च्या ऑक्टोबरात हे गाव पुणे महानगरपालिकेत समाविष्ट झाले, आणि २०२४ मध्ये पुन्हा वेगळे काढले गेले. फेणेच्या वयाविषयी हळहळ व्यक्त झाली. फेणेच्या गावाविषयी, चाहत्यांच्या बोलण्यात तरी, फारसे काही आले नाही. हा चाहत्यांवर ठेवलेला नैतिक दोषारोप नव्हे. संहितेतील कोणता घटक पूर्वअट मानला जातो आणि कोणता निव्वळ तपशील, हे वाचकसमूह ठरवतो. स्टॅन्ली फिश ज्याला अर्थलावणी करणारा समूह म्हणतात त्याची सीमा येथे अगदी भौगोलिक होऊन दिसते.

ही सीमा जरा दुरून, मोताळ्यासारख्या ठिकाणाहून, अधिक स्पष्ट दिसते. बुलढाणा–मलकापूर रस्त्यावरचे हे तालुक्याचे गाव. रेल्वे गाठावयाची तर मलकापूरला जावयाचे. अशा गावांत चित्रकथा पोहोचे ती बहुधा वाटा चुकत. स्थानकावरच्या पुस्तकगाड्यावरून, रद्दीतून, सुट्टीत आलेल्या मामेभावाच्या पिशवीतून. मध्य प्रदेशाची हद्द फार दूर नसल्याने मराठीच्या जोडीला हिंदीही चाले. राज कॉमिक्सचा नागराज (१९८६) आणि सर्कशीत वाढलेला, अंगी कोणतीही दैवी शक्ती नसलेला सुपर कमांडो ध्रुव (१९८७) यांना येथे परभाषेतले मानण्याची गरज कोणाला वाटू नये. १९६७ च्या ग्रंथालय कायद्याने गावोगावी अनुदानित वाचनालये उभी राहिली. पण ‘ड’ वर्गाच्या वाचनालयाच्या तुटपुंज्या खरेदीत वीस पुस्तकांचा संपूर्ण संच हा अपवादच.

या परिस्थितीत घडणारा वाचक वेगळा असतो. त्याच्या हाती मालिका नसते, मालिकेतला एखादा तुकडा असतो. मुखपृष्ठ गेलेले, शेवटचे पान फाटलेले, ‘पुढील अंकी’ असे सांगून कधीच न आलेले. वोल्फगांग इझर संहितेतील रिकाम्या जागांविषयी लिहितात तेव्हा त्यांना अर्थाच्या जागा अभिप्रेत असतात. येथे त्या कागदाच्या आहेत. कथा मनाने पुरी करावी लागते, ती सांगताना तिसऱ्याने आणखी बदलते, आणि बदलली म्हणून कोणी अडवत नाही, कारण पडताळा पाहण्यास प्रत नसते. प्रमाणसंहिता हाती असलेला चाहता ‘असे नव्हतेच’ म्हणू शकतो. प्रमाणसंहिता हाती नसलेला ‘असेही असेल’ म्हणतो. दोघेही तितकेच आसक्त आहेत. फरक प्रेमात नाही, पुरवठ्यात आहे. आणि चाहत्यांच्या प्रतिक्रिया म्हणून आज जे काही नोंदले जाते त्यात पहिल्याचाच आवाज आहे. वाचकांचा पत्रव्यवहार पूर्वी छापला जात होता तेव्हाही बव्हंशी त्याचाच होता.

मोबाइलवरील खेळांनी हे चित्र काही अंशी पालटले, कारण येथे तुकडा आणि संच हा भेदच उरला नाही; जो खेळ शहरात, तोच आणि त्याच दिवशी तालुक्यात. २ सप्टेंबर २०२० रोजी केंद्र सरकारने पबजीवर बंदी घातली, त्याची भारतीय आवृत्ती २०२१ मध्ये आली, २०२२ मध्ये काढली गेली, २०२३ मध्ये परतली. त्या त्या वेळी खेळणाऱ्यांनी केलेल्या हळहळीचा विषय नायक नव्हता. तेथे नायकाला लेखकाने दिलेले नावच नाही. ते खेळणारा देतो. गमावले गेले ते स्वतः मिळवलेले स्थान, आणि रात्री एकत्र उतरणारी चौघांची टोळी. ‘हा आमचा नव्हे’ असे म्हणण्याजोगी व्यक्तिरेखा तेथे कोणाकडेच नव्हती. समीक्षेला हे क्षेत्र तूर्त परके आहे आणि घाईने त्याला कथनशास्त्राचे साचे लावण्यात अर्थ नाही. परंतु ‘आमचा’ या सर्वनामाच्या अभ्यासात ही अनुपस्थिती नोंदवून ठेवण्याजोगी आहे.

उरतो तो तुकड्यांवर वाढलेला वाचक. आता तोही पन्नाशीकडे आला आहे आणि स्कॅन केलेले इंद्रजालाचे अंक त्याच्याही फोनवर उघडू शकतात. तीस-पस्तीस वर्षांपूर्वी फाटलेल्या पानाशी थांबलेली एखादी वेताळकथा त्याला आज शेवटपर्यंत वाचता येईल, आणि छापलेला शेवट त्याने जुळवलेल्या शेवटाहून वेगळा निघेल. त्या वेळी तो कोणत्या वेताळाला परका ठरवतो, आणि ते सांगताना ‘आमचा’ म्हणतो की ‘आपला’, हे कोणी अद्याप विचारलेले नाही.